स्वस्ताई कुणाच्या जिवावर?

परदेशातून सुट्टीवर आलेला मनुष्य ओळखायचा असेल तर त्याला भाजीबाजारात न्यावे. तो मेथीच्या जुडीचा भाव विचारतो, क्षणभर थांबतो, मनातल्या मनात एक भागाकार करतो आणि खुशीत हसतो. "अहो, ही तर पंचवीस सेंटलासुद्धा महाग नाही!" याच्या उलट, परदेशी असलेल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेले आईवडील गुणाकार करतात. "तिकडे कोथिंबिरीची जुडी शंभर-सव्वाशे रुपयांना. मी तर सुनेला म्हटलं, राहू दे बाई, कोथिंबिरीवाचून आमटी काही अडत नाही." पहिला म्हणतो, भारतासारखा स्वस्त देश नाही. दुसरे म्हणतात, त्या देशात माणूस जगतो तरी कसा? दोघांचेही अंकगणित बिनचूक असते. मांडलेले गणितच मुळात अपुरे असते, ते कसे हे या लेखात पाहायचे आहे.

मी ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात राहतो. ज्या अंकाचा मराठी विभाग संपला की पान उलटून कन्नड विभाग सुरू होतो, अशा सीमाभागातल्या अंकात ग्वाल्हेरच्या माणसाने बाजारभावावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण शिंद्यांच्या फौजेमागोमाग उत्तरेत येऊन राहिलेली मराठी कुटुंबे आणि दोन भाषांच्या शिवेवर वाढलेली माणसे यांच्यात एक साम्य आहे. एकाच वस्तूला दोन नावे आणि दोन भाव असू शकतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. तुमची तूर कन्नड शेजाऱ्याकडे तोगरी होते, आमच्याकडे ती अरहर होते. तुमचा जोंधळा तिकडे जोळ आणि इकडे ज्वार. नाव बदलते, भाव बदलतो, आणि ताटातले तिचे स्थानही बदलते.

हा विषय आपल्याला नवा नाही. आज आपण डॉलर आणि पौंड यांच्याबद्दल बोलतो. पण सोलापूर-विजापूरकडच्या आपल्या आजोबा-पणजोबांना चलनाचा विनिमयदर गावच्या आठवडी बाजारातच भेटत असे. शिवेच्या अलीकडे इंग्रजी अमलातला कलदार रुपया आणि पलीकडे निजामाच्या राज्यातला हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब शाळेत न गेलेल्या माणसालाही तोंडपाठ असे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यावर काही वर्षांतच हाली नाणे व्यवहारातून गेले. गोव्याची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे पोर्तुगीज अमलात वेगळा रुपया होता आणि १९५९ पासून एस्कुदो आला. सहा एस्कुदोंचा एक जुना रुपया. पण गोव्याच्या माणसाच्या ताटात काय आणि किती पैशांना पडणार हे त्या दरावरून कळत नव्हते. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर घाटावरून उतरणारा माल थांबला आणि गोव्यात बटाटा हॉलंडहून येऊ लागला. म्हणजे दोन मुलुखांतले भाव ठरवताना चलनाच्या दराइतकाच चौकीवरच्या अडसराचाही वाटा असतो. हे आपल्या मागच्या पिढ्यांनी अनुभवाने जाणले होते.

आता एकाच चलनातल्या दोन गावांकडे पाहू. ग्वाल्हेरात गहू मुख्य. मोहरीचे तेल शेजारच्या मुरैनाकडून येते. तुमच्याकडे तांदूळ आणि जोंधळा, शेंगदाण्याचे तेल, ओले खोबरे, आमसूल. लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात आजही आमसुलाशिवाय आमटी होत नाही आणि ते आमसूल कोकणातून इतका प्रवास करून येते की त्याचा भाव ऐकून सून म्हणते, "आई, चिंच घालू का?" आता सांगा, ग्वाल्हेर महाग की बेळगाव? गहू आणि मोहरीच्या तेलाची यादी घेऊन दोन्ही गावांत फिरलात तर बेळगाव महाग ठरेल. खोबरे-आमसुलाची यादी घेऊन फिरलात तर ग्वाल्हेर. गाव स्वस्त की महाग हे, पिशवी कुणाची आहे यावर ठरते. अर्थशास्त्रज्ञ याला निर्देशांकाचा प्रश्न म्हणतात आणि त्यावर ग्रंथ लिहितात. पण त्याचा गाभा एवढाच आहे. हीच यादी घेऊन न्यू जर्सीला गेलेला मनुष्य ज्वारीचे पीठ शोधतो, ते भारतीय दुकानात महाग मिळते, आणि तो म्हणतो अमेरिका महाग. तेथला माणूस ज्वारी खातच नाही. तो पाव, दूध, कोंबडी आणि बटाटा घेतो.

या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न पंडितांनीही केला. स्वीडनच्या गुस्ताव कॅसल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, क्रयशक्तीच्या समतेची कल्पना त्या नावाने मांडली. पुढे १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि अमेरिकेतले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून देशादेशांतल्या भावांची पद्धतशीर तुलना हाती घेतली. आयर्विंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स ही त्यातली प्रमुख नावे. पहिल्या टप्प्यात अवघे दहा देश होते आणि त्यांत भारत होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. या तुलनेचे काम आजही चालू आहे. तिच्या २०१७ सालच्या फेरीत असे निघाले की बँकेत एका डॉलरला ६५ रुपये १२ पैसे पडत होते. पण एका डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढे घेता येते तेवढे घ्यायला भारतात सरासरी २० रुपये ६५ पैसे पुरत होते. म्हणजे बँकेच्या दराने रुपया जेवढा दुबळा दिसतो त्याच्या सुमारे तिप्पट काम तो घरच्या बाजारात करतो. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या खुशीला असा शास्त्रीय आधार आहे.

पण सरासरी हा शब्द आला की सावध व्हावे. वीस रुपये पासष्ट पैसे हा आकडा सगळ्या अर्थव्यवस्थेचा आहे. त्यात धान्य आहे तशी घरबांधणी आहे, शिक्षकाचा आणि शिपायाचा पगार आहे, न्हाव्याची आणि धोब्याची मजुरी आहे. आपल्याकडे फार स्वस्त काय आहे? माणसाच्या हाताने होणारी कामे. मोबाइल फोन काही तिप्पट स्वस्त मिळत नाही. पेट्रोल तर मुळीच नाही. धान्य, तेल, डाळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. आता गरीब घराची पिशवी उघडा. तिच्यात धान्य, तेल, मीठ, रॉकेल किंवा गॅस. मोलकरीण नाही, ड्रायव्हर नाही, हॉटेलातले जेवण नाही. म्हणजे ज्या वस्तूंत भारत फारसा स्वस्त नाही त्याच वस्तू गरिबाला घ्याव्या लागतात. आणि ज्या सेवांत भारत अतिशय स्वस्त आहे त्या सेवा तो घेत नाही, तो त्या पुरवतो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले होते की घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. भारत सरकारच्या २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातल्या कुटुंबाचा ४६ टक्क्यांहून थोडा अधिक आणि शहरातल्या कुटुंबाचा ३९ टक्क्यांहून थोडा अधिक खर्च अन्नावर होत होता. अमेरिकेत हॉटेलातले जेवण धरूनसुद्धा हा वाटा हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास असतो. कोथिंबीर शंभर रुपयांना घेणारा तो देश अन्नासाठी आपल्यापेक्षा कमी झिजतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, भावांची तुलना रुपयांत करू नये, डॉलरांतही करू नये. ती घड्याळात करावी. एखादी वस्तू मिळवण्यासाठी अगदी खालच्या पायरीवरच्या माणसाला किती वेळ राबावे लागते? एक हिशेब मांडून पाहू. मार्च २०२५ मध्ये पक्ष्यांच्या साथीमुळे अमेरिकेत अंडी कधी नव्हती इतकी महागली आणि डझनाचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला. आपल्या पैशात सुमारे ५४० रुपये. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तो आकडा मोठ्या चवीने छापला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. अनेक राज्यांत ती याहून जास्त आहे, पण आपण सर्वांत कमी तीच धरू. त्या मजुराला ती महागातली महाग अंडी घ्यायला सुमारे ५२ मिनिटे काम करावे लागले. आता आपल्याकडे या. २०२४-२५ या वर्षी रोजगार हमीच्या कामाचा मध्य प्रदेशातला दर दिवसाला २४३ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला तीस रुपये. अंडे सहा रुपयांचे धरले तर डझनाचे बहात्तर रुपये होतात आणि त्यासाठी आपल्या मजुराला जवळजवळ दोन तास वीस मिनिटे खपावे लागते. अमेरिकेतल्या अंड्यांच्या सर्वांत वाईट महिन्यात सुद्धा अंडे आपल्या मजुरालाच महाग होते.

उलट बाजूचेही उदाहरण घेऊ, नाहीतर हिशेब एकांगी होईल. केस कापायला तिकडे पंचवीस डॉलर आणि इकडे ऐंशी रुपये धरू. तिकडच्या किमान मजुरीच्या कामगाराला त्यासाठी साडेतीन तास लागतात, आपल्या मजुराला दोन तास चाळीस मिनिटे. येथे आपण जिंकलो! पण कोणामुळे? ग्वाल्हेरचा न्हावी न्यूयॉर्कच्या न्हाव्यापेक्षा काही कमी कसबी नाही. तासाला दोघेही सारखीच डोकी भादरतात. मग एकाला पंचवीस डॉलर आणि दुसऱ्याला एक डॉलर का? १९६४ मध्ये बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर दिले. न्हाव्याची मजुरी त्याच्या वस्तऱ्यावर ठरत नाही, तो ज्या गावात बसला आहे त्या गावातल्या कारखान्यावर ठरते. कारखान्यात यंत्राच्या जोरावर एक माणूस पुष्कळ माल काढतो, त्याला बरा पगार मिळतो. मग न्हाव्यालाही तेवढे दिले नाही तर तो वस्तरा टाकून कारखान्यात जाईल. कारखानेच नसतील, किंवा असलेले बंद पडत असतील, तर तो जाणार कुठे? तो एका डॉलरलाच केस कापत बसतो आणि आपण म्हणतो, वा, काय स्वस्त देश आहे!

हे बिर्लानगरात राहणाऱ्या माणसाला पुस्तक न उघडता कळते. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये, घनश्यामदास बिर्ला यांनी येथे जियाजीराव कॉटन मिल उभी केली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ग्वालियर रेयॉनमुळे या गावाचे नाव देशभर कापडाच्या दुकानांच्या पाट्यांवर गेले. मिलमुळे वसाहत वसली, वसाहतीमुळे हजिऱ्याचा बाजार वाढला. पगाराच्या दिवशी चहावाल्याची, शिंप्याची, सायकल दुरुस्त करणाऱ्याची कमाई मिलच्या पगाराच्या मागोमाग चाले. १९९२ मध्ये ही मिल बंद पडली. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मिल बंद झाली म्हणून गव्हाचा भाव उतरला नाही. गहू देशभर जातो, त्याचा भाव देशाच्या बाजारात ठरतो. उतरली ती मजुरी. मिलमधून बाहेर पडलेला कामगार रिक्षा ओढू लागला की रिक्षाचे भाडे पडते, हातगाडी लावू लागला की शेजारच्या हातगाडीवाल्याचा धंदा निम्मा होतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला अशा गावात सगळे स्वस्त मिळते. त्या स्वस्ताईत एक बंद पडलेला भोंगा मिसळलेला असतो, तो त्याला ऐकू येत नाही.

कामगाराचे आणखी एक संरक्षण त्याच्याबरोबर गेले. मुंबईत १९२१ मध्ये कामगार कचेरी स्थापन झाली आणि तिने गिरणी कामगारांच्या राहणीखर्चाचा आकडा काढायला सुरुवात केली. पुढे १९५८-५९ मध्ये देशातल्या पन्नास औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली आणि १९६० हे मूळ वर्ष धरून ग्राहक मूल्य निर्देशांक निघू लागला. त्या पन्नास केंद्रांत ग्वाल्हेर होते, सोलापूर होते. १९८२ हे मूळ वर्ष धरलेल्या मालिकेत केंद्रे सत्तर झाली आणि त्यांत बेळगाव आणि हुबळी-धारवाड ही तुमच्याकडची नावे आली. हा निर्देशांक म्हणजे रुक्ष सरकारी आकडा नव्हे. महागाई भत्ता त्याला बांधलेला असतो. डाळ महागली की चार महिन्यांनी का होईना, संघटित कामगाराच्या आणि आम्हा प्राध्यापकांच्या पगारात तिचे पाऊल उमटते. मिल सुटलेल्या माणसाला, मोलकरणीला, शेतमजुराला हा आधार नाही. एकाच गल्लीत, एकाच दुकानातून, एकाच भावाने डाळ घेणाऱ्या दोन घरांपैकी एका घरी भाववाढीची भरपाई येते आणि दुसऱ्या घरी डाळ पातळ होते. देशादेशांची तुलना करण्याआधी ही तुलना का होत नाही?

स्वस्ताईचा भार वाहणारा दुसरा मनुष्य म्हणजे शेतकरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये उघडली. शहरात कांदा आवाक्यात राहिला हे चांगलेच झाले. पण तो आवाक्यात ठेवण्याची किंमत लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने दिली. त्याआधी २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. बातमी पोचताच अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या. एका कुटुंबाला एकच पोते, असे फलक लागले. लोक शोधत होते तो सोना मसुरी. तुमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना गंगावतीकडच्या या तांदळाची ओळख करून द्यायला नको. गंगावतीच्या भातखाचरापासून न्यू जर्सीच्या दुकानापर्यंत असा एकच धागा जातो. तो दिल्लीत ओढला की एका टोकाला भाव पडतो आणि दुसऱ्या टोकाला चढतो. अशा वेळी "भारतात तांदूळ स्वस्त, अमेरिकेत महाग" असे म्हणणे म्हणजे धरणाच्या दोन बाजूंचे पाणी पाहून एका नदीला भरलेली आणि दुसरीला आटलेली म्हणण्यासारखे आहे. नदी एकच आहे, मध्ये दरवाजा घातलेला आहे.

तिसरी व्यक्ती आपल्या घरातच असते आणि तिचा उल्लेख कुठल्याच बिलात येत नाही. परदेशी राहणारे जोडपे तक्रार करते की तिथे मूल सांभाळायला द्यायचे तर एका पगाराचा मोठा हिस्सा जातो, तयार जेवण महाग, म्हाताऱ्या माणसाची देखभाल तर विचारूच नका. "आपल्याकडे बरं आहे, या गोष्टींना पैसेच पडत नाहीत." पैसे पडत नाहीत, कारण आई, सासू, सून, बहीण ते काम फुकट करते. सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. पाच तासांचे हे रोजचे काम ज्या हिशेबात शून्य रुपये धरले जाते, त्या हिशेबाने आपला देश स्वस्त निघाला तर नवल नाही.

याशिवाय किराण्याच्या पावतीवर न दिसणारे पुष्कळ खर्च आहेत. ब्रिटनमध्ये १९४८ पासून दवाखान्याचा खर्च सरकारी आरोग्यसेवेतून चालतो. अमेरिकेत एका शस्त्रक्रियेने घर गहाण पडू शकते. आपल्याकडे २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक पैसा लोकांनी स्वतःच्या खिशातून दिला. उलट आपल्याकडे रेशनचे धान्य आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो ठरला आणि जानेवारी २०२३ पासून तोही फुकट झाला. म्हणजे दुकानातला भाव सगळ्यांना लागू नाही, हेही लक्षात घ्यावे. एकाच आकड्याने देश मोजायला निघालेल्या माणसाची फसगत दोन्ही बाजूंनी होते.

या आकड्यांवर काय अवलंबून असते याचे एक उदाहरण देऊन पुढे जातो. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा दिवसाला तीन डॉलर ठरवली. पुष्कळांना वाटते की तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये. तसे नाही. ते क्रयशक्तीचे डॉलर आहेत. २०२१ च्या भावांनी त्यांचे भारतात साठेक रुपयेच होतात. "भारत स्वस्त आहे" या एका वाक्याच्या आधारावर, दिवसाला साठ-पासष्ट रुपयांत जगणारा माणूस गरिबांच्या यादीतून बाहेर पडतो. त्याची पिशवी सरासरी पिशवी नाही, हे आपण वर पाहिले. पुण्याच्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा खेड्यातल्या आणि शहरातल्या माणसासाठी दोन वेगळ्या रकमा धरल्या होत्या: १९६०-६१ च्या भावांनी महिन्याला पंधरा रुपये आणि साडेबावीस रुपये. त्या रकमांवर वाद झाले, होणारच. पण पोट कुणाचे आणि बाजार कोणता, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता.

माझ्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मग स्वस्ताई वाईट आणि महागाई चांगली म्हणायची का? मुळीच नाही. चांगल्या बियाण्याने, चांगल्या रस्त्याने, यंत्राने आणि गोदामाने जी वस्तू स्वस्त होते ती सगळ्यांनाच लाभते. कमी श्रमांत जास्त माल निघाला म्हणून आलेली स्वस्ताई आणि माणसाला कमी दिले म्हणून आलेली स्वस्ताई, या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की, श्रीमंत देशांत तरी सगळ्यांना न्याय मिळतो का? मिळत नाही. अमेरिकेत बक्षिशीवर जगणाऱ्या वाढप्याची केंद्रीय किमान मजुरी १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकली आहे. बाकीचे त्याने गिऱ्हाइकाच्या मर्जीवर मिळवायचे. तेव्हा हा पूर्व-पश्चिमेचा झगडा नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण कर्ज काढून परदेशी शिकायला जातील. एके काळी येथून जाणाऱ्याच्या खिशात आठ डॉलर असत आणि ते पुरवून पुरवून वापरण्यात त्याचा पहिला आठवडा जाई. तुमच्याजवळ त्याहून जास्त असतील, पण डोक्यावरचे कर्जही मोठे असेल. तेथला पगार रुपयांत गुणून घरी सांगू नका, आणि तेथला खर्च रुपयांत गुणून उपाशीही राहू नका. पगार तेथला, भाडे तेथले, औषध तेथले, हा हिशेब तेथल्याच चलनात मांडा. रुपयाचा गुणाकार फक्त शिलकीला लावा, कारण कर्ज फिटणार आहे ते शिलकीतून. आणि सुट्टीवर याल तेव्हा भाजीवालीशी पाच रुपयांची घासाघीस करण्यापूर्वी तिच्या तासाची किंमत मनात काढून पाहा.

जे येथेच राहणार आहेत त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. अर्थशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांनी आणि मराठी-कन्नड दोन्ही माध्यमांच्या विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या गावाचा एक छोटा निर्देशांक काढावा. वीस वस्तूंची यादी करावी: जोंधळा, तांदूळ, तूर, तेल, मीठ, मिरची, गॅस, खोलीभाडे, एस. टी.चे तिकीट, केस कापणे. दर महिन्याच्या पहिल्या बाजारी दोघांनी जाऊन भाव टिपावेत. त्याच दिवशी दुसऱ्या रकान्यात शेतमजुराची, हमालाची, मोलकरणीची आणि गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याची मजुरी टिपावी. मग रुपये बाजूला ठेवून तास काढावेत. मुंबईच्या कामगार कचेरीने शंभर वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा तिच्याजवळही कागद, पेन्सिल आणि पायपीट याखेरीज फारसे काही नव्हते. वर्षभराने तो तक्ता याच अंकात दोन्ही भाषांत छापावा. आपले गाव कुणाला स्वस्त आहे आणि कुणाला महाग, हे त्यावरून कळेल. ग्वाल्हेरचा तसाच तक्ता पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.